बर्फातला रोहू

त्यांनी मला शर्ट काढायला सांगितला.

पांढरा शर्ट. बायकोने सकाळीच इस्त्री केलेला. सहा गावांची तलाव वाचवण्याची सभा होती, आमच्याच तलावाच्या पाळीवर, मंडप टाकून. मासे धरणाऱ्या ढिवरांचा माणूस म्हणून मलाही बोलावणं होतं. खुर्ची होती. मी तिच्यावर बसलो होतो, मान ताठ, नवरदेवासारखा. तेवढ्यात अध्यक्ष जवळ आले. वरच्या गावचे राइस मिलवाले.

"पावण्यायले जाळं टाकून दाखव. शर्ट काढ, लुंगी लाव. ढिवर ढिवरासारखा दिसला पायजे न बे."

मी तर बोलायला आलो होतो. त्यांच्याच मिलबद्दल. धान उकळलेलं पाणी तिथून नाल्यात सुटतं आणि नाला आमच्या तलावात येतो. पाण्यावर काळी साय धरते. त्याच पाण्यात धानाच्या रोवणीला उतरलेल्या बायांचे पाय खाजून फुटतात. मरळ मासोळी गेली, शिंगी गेली. आणि तलाव वाचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण, तर हेच. एवढा चांगला विनोद मला नाटकातही कोणी लिहून दिला नव्हता.

कारण मी झाडीपट्टीच्या नाटकातला नट. दारुडा मी, हवालदार मी, एका हंगामात तर सासूही मीच. भाषण आरशासमोर उभा राहून पाठ केलं होतं. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळं ठरलेलं.

भाषण केव्हा, असं मी विचारलं. ते नंतर पाहू म्हणाले. मग खुर्च्यांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "तुले तं नाटकाची सवय हाय. इथं काहून लाजून राहिला?"

खुर्च्या हसल्या.

मी शर्ट काढला, लुंगी लावली. पन्नाशीचं पोट बाहेर आलं. भंडाऱ्याहून आलेल्या एका मॅडमने तोंडाला रुमाल लावला. पाण्याच्या वासाने की हसू दाबायला, ते कळलं नाही.

माय पाळीवर बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं सगळं धुकं. तिचा जन्म याच तलावाची मासोळी विकण्यात गेला. पोराला खुर्ची मिळणार म्हणून नवं लुगडं नेसून आली होती.

मी जाळं फेकलं. ओढलं. काळा गाळ, कुरकुऱ्यांची पाकिटं, एक तुटकी चप्पल. मी चप्पल हातात घेऊन रंगमंचावर करतो तसा मुजरा केला. हशा आला. सवय वाईट, लोक हसले की मला बरं वाटतं. फोटोवाला मात्र वैतागला. कचरा नको म्हणाला, मासोळी पाहिजे.

अध्यक्षांचा ड्रायव्हर गाडीतून थर्माकोलचा डबा घेऊन आला. आत बर्फ. बर्फात रोहू. शहराच्या बाजारातून विकत आणलेला. म्हणजे यांना ठाऊक होतं. आमच्या तलावात काही उरलेलं नाही, हे माझ्या भाषणाआधीच ठाऊक होतं.

रोहू माझ्या जाळ्यात घातला. जाळं पाण्यात सोडलं. आता ओढ, म्हणाले.

ओढलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या ऐकून माय उठली. गवताला धरत, घसरत पाळ उतरली.

"आली काय रे? मासोळी आली काय?"

अध्यक्ष फार मायेने म्हणाले, "आली, माय. केवढी मोठी आली, हात लावून पाह."

मायने आधी तलावाला हात जोडले. मग दोन्ही हातांनी रोहू उचलला, बाळंतिणीकडून पोर घ्यावं तसा. तिच्या तोंडावर जे आलं होतं ते मी खूप वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिचं बोट कल्ल्याखाली गेलं. तिथे बर्फाचा खडा अडकलेला होता.

तो तिने बोटांत धरला. रोहू जाळ्यात परत ठेवला, हात पदराला पुसले आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाली,

"हा आपला नोहोय, बाबू. शर्ट घाल. हवा लागन."

फोटोवाला म्हणाला, "काका, अजून एकदा. थोडं हसून."

मी नाही म्हणालो.

ओल्या अंगावर शर्ट चढवला. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. रोहू उचलला आणि माझ्या खुर्चीवर नेऊन ठेवला.

"ह्या पावण्याले बसवा. हा शहरातून आला. मी इथलाच हावो, मी उभा राहीन."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाक्यावर कोणी हसलं नाही. मग मी भाषण केलं. त्यांनी माइक बंद केला. माइक बंद पडला तर शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा पोचवायचा, हे नाटकवाल्याला शिकवावं लागत नाही. पण खुर्च्या उठून जेवणाकडे गेल्या. पाळीवर खाली बसलेले गावचे लोक तेवढे राहिले.

पेपरात फोटो आला. जाळं, रोहू, माझं पोट. डोकं कापलेलं. खाली लिहिलं होतं, तलावात मासे परतले.

माय त्यानंतर पाळीवर आली नाही. आधी रोज संध्याकाळी विचारायची, पाणी कसं आहे रे? आता विचारत नाही. मी घरात नकला करतो, सासू करतो, हवालदार करतो. ती ऐकते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते.

मी सायकल काढली. सहाही गावांच्या ढिवरांकडे गेलो, रोवणीच्या बायांकडे गेलो. बोलणं एकच. मिलचा नाला बंद होत नाही तोवर आमच्यातला कोणी यांच्या फोटोसाठी जाळं फेकणार नाही, आणि कोणी बाई मिलवाल्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला उतरणार नाही. चार गावं तयार झाली. दोन घाबरतात. त्यांच्याकडे मी पुन्हा जाणार, हाकललं तरी जाणार.

पुढची सभा आम्ही बोलावू. मंडप नाही, खुर्ची नाही. आम्ही पाळीवर खाली बसू. ज्याला तलावाबद्दल बोलायचं आहे, त्याने चप्पल काढावी, त्या काळ्या पाण्यात गुडघाभर उतरावं आणि तिथून बोलावं.

शर्ट अंगात राहू द्यावा.