तलावाकडचा ओटा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. आज आसगावला मंदाची तेरवी झाली. पाहुणे जेवून गेले. मुलगी प्रिया दुपारच्या एसटीने नागपूरला गेली.

माझी बायको मला फसवून गेली.
हे मला आज जेवणाच्या पंगतीत कळलं.

उन्हाळ्यात आम्ही स्वयंपाकघर नव्याने बांधलं. सगळं तिच्या मनासारखं. ओटा मागच्या तलावाकडे तोंड करून हवा, वर मोठी खिडकी हवी.

वास्तू सांगते पूर्वेकडे तोंड. तलाव पश्चिमेला.

माझी वहिनी म्हणाली, "तुले रांधाचं आहे का बगळे मोजाचे आहेत वो?"
मंदा म्हणाली, "रांधता रांधता मोजीन."

टाइल्ससाठी तिने तलावातलं कमळाचं पान ओल्या फडक्यात गुंडाळून भंडाऱ्याच्या दुकानात नेलं. हाच हिरवा पाहिजे म्हणाली. दुकानदार बॉक्स उघडून उघडून थकला. पान सुकायला लागलं तेव्हा कुठे शेड जुळली.
फळ्या आमच्याच बांधावरच्या, वादळात पडलेल्या जांभळाच्या.

आमच्याकडे ओट्याची उंची घरच्या बाईला उभं करून ठरवतात. मिस्त्री तिच्या कोपराच्या खाली भिंतीवर खूण करतो.
त्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर मंदा म्हणाली, "मिस्त्रीले खिडकीचं माप घ्याचं आहे. तुमी जरा उभे राहा ना जी."
मी उभा राहिलो.

ओटा झाला तो जवळजवळ तिच्या छातीला लागणारा. मी मिस्त्रीवर चिडलो, तोडून पुन्हा बांध म्हणालो. तिनेच थांबवलं. पाटावर उभी राहीन म्हणाली.

मग रोज हाक.
"माहा हात पुरत नाही, फोडणी तुमी टाका."
फोडणीनंतर भाजी. मग वरण. मग कणीक. ती खुर्चीवर बसून सांगायची, मी करायचो.

मला वाटायचं, या वयात आम्ही नवराबायको मिळून स्वयंपाक करतोय.
खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं.

आज मिस्त्री पंगतीत माझ्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, "सायेब, तुमी तवा मले बोलले, पण बाईनंच सांगतलं होतं. मी नसली त यायलेच रांधा लागते, यायच्या मापानं बांध म्हणे."

म्हणजे त्या दिवशी माप खिडकीचं नव्हतंच, माझ्या कोपराचं होतं.

प्रियाला विचारलं. ती रडायला लागली. होळीच्या आधी मंदा तिच्याकडे गेली होती, तेव्हाच तिथल्या डॉक्टरांनी फार महिने उरले नाहीत म्हणून सांगितलं होतं.
"आईनं शपथ घातली होती, बाबा."

मुलीला माहीत. वहिनीला माहीत. मिस्त्रीलाही अंदाज.
मला कळलं ते ती अंथरुणातून उठेनाशी झाली तेव्हा.

वहिनी म्हणते, केवढा विचार केला तिनं तुमचा. तो मलाही दिसतो.

पण मंदा, मला वरण-भाजी नको होती.
मी रजा टाकली असती. तुला कुठे जायचं होतं तिथे नेलं असतं. नाहीतर नुसता जवळ बसलो असतो.
आपण टाइल्सच्या रंगावर बोलत होतो आणि तुला माहीत होतं.

तू एकटीनेच ठरवलंस की याला झेपणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझी एवढीच ओळख झाली तुला?

मी फार बोलणारा माणूस नाही, इथे फेसबुकवर कधी लिहीत नाही. कृपया कोणी समजूत घालू नका.

सगळ्यांसोबत तुझ्या फोटोला फुलं वाहिली. राग गेलेला नाही. तो मनात ठेवूनच तुला निरोप देतो, मंदा.

आता घरात कोणी नाही. तांदूळ धुतले.
एकट्यापुरत्या भाताला पाणी किती, ते तू सांगितलं नाहीस.
अंदाजाने घातलं. गॅस पेटवला.