शेंदूर गुरुजींनी फासला होता

राठोड गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीतल्या माझ्या शाळेत शिकवत होते. त्याला आता महिना होईल. तेराव्याला गावी गेले, तर काका म्हणाले, वेशीजवळच्या दगडाला गुरुजींच्या आठवणीत देऊळ बांधून राहिलो, दगड भिंतीत बसवून वरून टाइल्स. तोवर मी रडत होते. मग रडणं थांबलं...

गोरेगावच्या पलीकडचं आमचं गाव. गुरुजी तिथल्या बंजारा तांड्यावरचे. त्यांचे आजोबा बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरलेले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की गुरुजी आम्हाला गावातले जुने दगड 'वाचायला' न्यायचे. वेशीजवळच्या दगडावर शेंदराचे इतके थर होते की आम्ही त्याला म्हसोबाच समजायचो. गुरुजींनी कोमट तेल चोळून, बांबूच्या कामटीनं तो महिनाभर सोलला. लोखंड लावू दिलं नाही.

"देव नागडा करून राहिले का, गुरुजी?" माझ्या आजोबांनी विचारलं.

"आंघोळ घालून राहिलो, बापू. लई दिवसांचा पारोसा हाय."

शेंदराखालून बैलांची रांग निघाली आणि त्यांच्यापुढे तलवार घेतलेला एक माणूस. वीरगळ होता तो, लढताना मेलेल्याच्या आठवणीचा दगड. हा तुमच्या तांड्याचाच का, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "काय माहीत. जनावरं वाचवताना मेला, एवढंच दगड सांगतो. त्याच्यापुढचं मी काहून सांगू?" किल्ला नाही म्हणून गावाला इतिहास नाही, असं पुढे कॉलेजात कोणी म्हणालं की मी त्या बैलांबद्दल सांगत असे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिची सुरुवात त्या दगडापाशी झाली, असं मी मानते.

मी बी.ए.ला असताना रस्ता रुंद करायला जेसीबी आला. गुरुजींनी दगडाबद्दलचे कागद दाखवले, दगडावरची चित्रं दाखवली. मुकादम म्हणाला, "पत्थर है, हट जाएगा." गुरुजी घरी गेले, शेंदूर आणि तेल घेऊन आले, आणि दोन्ही हातांनी दगडाला फासू लागले. बैल गेले, तलवार गेली. मग त्यांनी नारळ फोडला. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं, चप्पल काढली, हात जोडले. रस्ता तिथं थोडा वळला.

त्यांचे कोपरापर्यंत लाल झालेले हात मी बघत होते. ते म्हणाले, "जिता राहिला म्हणजे पुन्हा वाचता येईल. पण पोरी, तू शिकलेली हायस, हे लिहून ठेव. शेंदूर मी फासला, देवानं न्हाई."

पुढे त्यांनी शेंदूर काढायचा दोनदा प्रयत्न केला. गावानं काढू दिला नाही; तोवर तिथं आरती सुरू झाली होती, नवस बोलले जात होते. आता दगड भिंतीत गेला की तो कायमचा गेला.

म्हणून हे लिहिते आहे. शेंदूर गुरुजींनी फासला होता, मी समोर होते.

काल, शनिवारी, तेल आणि कामटी घेऊन मी वेशीजवळ बसले. चार माणसं जमली. काका म्हणाले, "पाप लागंल तुला."

"लागू द्या."

"सोमवारी गवंडी येऊन राहिला."

"येऊ द्या. त्याला बी दाखवते."

कोणी हात धरला नाही, मदतही केली नाही. दुपारपर्यंत एका बैलाचं शिंग मोकळं झालं होतं. काका वाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.