चिंबळी फाटा ते मोशी, मागच्या सीटवर चौथा पट

ही पोस्ट मी इतकी टाळली की मध्ये कोयनेचं लिहून झालं, एका बंद पडलेल्या टपरीचंसुद्धा झालं. मोशीचं काही हातून होईना. का, ते पुढे कळेलच.

निघालो होतो साताऱ्याहून भीमाशंकरला. वाटेत निघोज्यात मावसभाऊ दत्ताकडे रात्रीपुरता टेकलो आणि तिथंच अडकलो. दत्ता चाकणला कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या खात्यात कामाला. मोशीत चार-चार जणांच्या संघांची आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा चालू होती, खुल्या गटात त्यांच्या गावचा क्लब होता. कॅप्टन दत्ताचे चुलते, बबनकाका. त्यांनीच त्याला ओट्यावर बसवून खेळ शिकवलेला. शेवटची फेरी व्हिएतनामच्या संघाशी, जिंकले तर बक्षीस. चौथ्या पटावर दत्ता. "एकदा परदेशी माणसासमोर बसायचंय राव," एवढंच त्याचं चाललेलं.

तुम्ही अशा ठिकाणी जाणार असाल तर सांगतो, बघायला तिकीट नसतं, पण मोबाइल दारातच काढून घेतात. आणि आधी खाऊन घ्या. मी मोशीच्या चौकात मिसळ हाणली, शंभराच्या आत पोट भरलं. मग शेजारच्या दुकानात उगाच हेल्मेटं बघत बसलो. हॉलवर पोचलो तर दत्ता दारात येरझाऱ्या घालतोय, काका शेजारी उभे.

डाव सुरू झाले होते. तिघांसमोर माणसं, दत्तासमोर रिकामी खुर्ची. त्याच्याशी खेळणारी लान तिच्या संघाच्या मागून येणाऱ्या कॅबमध्ये होती आणि कॅब चिंबळी फाट्याला ट्रेलरच्या रांगेत अडकलेली. ठरल्या वेळेत पटावर आली नाही तर तिचा डाव गेला.

"बरंच झालं की," काका म्हणाले. "बसल्या जागी पॉईंट."

"खुर्चीशी खेळायला सुट्टी टाकली व्हय मी?" दत्तानं बाइकची किल्ली माझ्या हातात कोंबली. "भावा, घेऊन ये तिला. आणि कुठं थांबू नको. तू थांबतोस."

"येडा झाला का रं तू?" काका ओरडले. तोवर मी व्हिएतनामच्या कॅप्टनकडून कॅबचा नंबर घेऊन निघालोसुद्धा.

इंद्रायणीच्या पुलापासूनच सगळं ठप्प. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, इंजिनं बंद करून गप्पा मारणारे ड्रायव्हर. फाट्याला नंबरावरून कॅब शोधली आणि लानला मागे बसवून उलटा फिरलो. मला वाटलं, पोरगी घाबरेल. कसलं काय! तीच खांद्यावर टपली मारून फट दाखवायची, डावीकडे, आता उजवीकडे. "आमच्याकडे रोज असंच," तोडक्या इंग्रजीत म्हणाली आणि हसली. वाटेत उसाचा रस दिसला. थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पोचलो. ती धावत आत गेली, दत्ता उठून उभा राहिला. असा खुललेला चेहरा त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

बाकीचे तीन डाव संपले. एक जिंकला, एक हरला, एक बरोबरीत. सगळं चौथ्या पटावर आलं. दत्ताचा घोडा जोरात होता. मग त्यानं घाईत एक प्यादं पुढं ढकललं आणि त्या फटीतून लानचा हत्ती घुसला. शेवटी दत्तानं हात पुढं केला. संघ हरला.

बाहेर आल्यावर काका शांतपणे म्हणाले, "फुकट आलेला पॉईंट गाडी पाठवून परत केला. शाब्बास." आणि एकटेच बसनं गेले. तेव्हापासून अबोला. एका आळीत राहून.

भीमाशंकर राहिलंच. घरी आलोय, पण पाय घरात ठरत नाहीत. लानचं ते हसणं आठवतं, लगेच मागून ओट्यावर एकटाच सोंगट्या मांडणारा दत्ता आठवतो. फोनवर तो म्हणतो, "खेळलो ना पण!" किल्ली मी घेतलीच नसती तर? अशा गोष्टीचा शेवट काय लिहायचा, म्हणून तर टाळत होतो.

थांबा, त्याचाच फोन.

कुजबुजत बोलला. "राव, काका आलेत. पट काखेत घेऊन. ते प्यादं का ढकललं ते दाव म्हणत्यात. ठेवतो."