अण्णांचं बटण

आई गेल्यावर मी पुण्याची खोली सोडून धारूरला वडिलांकडे आले आणि विम्याचे दावे तपासायची नोकरी घरातूनच करू लागले. अण्णांनी तोवर शेत बटईनं दिलं होतं. जन्मभर राबलेल्या माणसाला रिकामे हात खायला उठतात. दिवसभर घरात हिंडायचे, कुठेच टेकायचे नाहीत. स्वस्थ बसायचे ते फक्त माझ्या टेबलाशेजारी, आणि तेही व्हीपीएनमुळे.

व्हीपीएन म्हणजे माझ्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत इंटरनेटमधून टाकलेली बंद पाइपलाइन, असं मी त्यांना सांगितलं होतं. विहिरीपासून शेतापर्यंत पाइप टाकलेल्या माणसाला एवढं पुरलं. व्हीपीएनची सेवा एका कंपनीची, पण ती चालवायला आमच्या ऑफिसनं कुणा तिसऱ्याचंच फुकटचं ॲप लावून दिलेलं. ते म्हणजे नुसती रुसूबाई. लाइट गेली, राउटर बंद पडला की तुटायचं, आणि परत आपण होऊन जोडलं जाईल तर शपथ. मग अण्णा चष्मा लावून उठायचे, बटण दाबायचे आणि हिरवं होईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मी जेवायला उठले की बंदही करून ठेवायचे. "लई तापलं आसंल. जरा दम खाऊ दे." विहिरीवरची मोटार वेगळी नि ॲप वेगळं, हे मी समजावून पाहिलं आणि नाद सोडला.

मग ऑफिसचा मेल आला: जुनं ॲप काढून टाका, सेवा देणाऱ्या कंपनीचं अधिकृत ॲप घ्या. सुरक्षेचं कारण दिलं होतं आणि ते बरोबरच होतं. नवं ॲप गुणी निघालं. त्याच दुपारी लाइट गेली, आली, आणि अण्णा उठेपर्यंत ते हिरवं होऊन बसलंही होतं.

"जुडलं बी?"

"आता आपोआप जुडतं, अण्णा."

"बेस हाय की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आलेच नाहीत. त्यानंतरही नाहीत. पुन्हा घरभर फेऱ्या सुरू झाल्या, ताटात अर्धी भाकरी उरू लागली. मला वाईट वाटलं, आणि त्या शहाण्या ॲपचा रागही आला. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन मी ते आपोआप जोडणं बंद करून टाकलं. लाइट जाऊन आल्यावर हाक मारली, "अण्णा, तुटलं बघा!"

ते आले. स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच बंद केलंस न्हवं?"

खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "हो. तुमाला काई काम पाह्यजे म्हणून."

"कामाचं काय घेऊन बसलीस, बाई," ते उभ्यानंच म्हणाले. "तुझी माय गेल्यापसून मला एकट्याला बसवत न्हाई. काम होतं म्हणून तुझ्यापशी बसता येत होतं. लेकीच्या हापिसात रिकामं कशापायी बसावं?"

रडू आवरायचं असलं की मी चिडते.

"मग रिकामंच बसा!"

"लोक इचारतेत की, दिसभर काय करता म्हणून."

"सांगा, लेकीजवळ बसतो."