दगड त्यांचे, चिखल आपला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात होते, आणि खरं सांगते, आधी रडू आलं नाही, रागच आला. आदल्याच रविवारी त्याच्याशी वाद घालून निघाले होते. "डॉक्टरला दाखव," म्हटलं, तर म्हणे, "अमावस्येचं उधाण जाऊ दे." बांधावरच कळ आली छातीत. वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मागे राहिले मी, धाकटी बहीण... आणि त्याचं खाडीकाठचं भातशेत.

अलिबागच्या खारेपाटातलं आमचं गाव. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध. तो फुटून खारं पाणी आत शिरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीकडे बघायचंच नाही. त्या बांधाला मोठी खांड पडली होती. ती दगडांनी बुजवायचं काम अमेरिकेच्या मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेने घेतलं आणि देखरेखीला दादाला नेमलं. दादाच्या सहीने दगडांचे ट्रक उतरले. काय ऐट होती तेव्हा त्याची.

आणि तिकडे अमेरिकेत नवा अध्यक्ष आला. खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने सही ठोकली, हवामानबदलासाठी बाहेरच्या देशांना जाणारा पैसा बंद. आम्ही टीव्हीवर बघितलं. दादा चहा पीत म्हणाला, "त्यांचं ते बघतील." काही दिवसांतच संस्थेचा निरोप आला, काम थांबवा, पुढचा आदेश येईपर्यंत जागेवरचा दगडसुद्धा हलवू नका. तो पुढचा आदेश आजतागायत आलेला नाही.

आता बघा, खांड उघडी, शेजारी दगडांचा ढीग आणि पौर्णिमेचं उधाण तोंडावर. गाव दादाच्या अंगणात जमलं. शेजारचा काशिनाथ तापलेलाच होता. "दगड आपल्या बांधावर पडलेत ना? मंग त्या गोऱ्याला काय इचारायचं?"

दादा घमेलं उचलून उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या सहीनं उतरलेत. त्याला हात न्हाय लावायचा. दगड त्यांचे, चिखल तर आपलाच हाय ना? चला."

घरटी एक माणूस बांधावर जायची रीत आमच्याकडे पूर्वी होती. संस्था आली आणि आम्ही ती सोडली, करणारेत ना ते, म्हणून. दादाने पुन्हा दारोदार जाऊन हाका मारल्या. शिव्या घालत का होईना, लोक आले. ओहोटी लागली की उतरायचं आणि चिखलाची घमेली हातोहात पुढे द्यायची. मीही होते, कमरेएवढ्या चिखलात, दगडांच्या ढिगाकडे बघत दादाला तोंडावर बोल लावत. तो नुसता हसला. खांड बुजली, शेतं वाचली. पण चिखल तो चिखल, दर उधाणाला कुठे ना कुठे सुटायचा, आणि हा बाबा पुन्हा घमेलं घेऊन निघायचा. माझं विचाराल तर त्या चिखलानेच त्याला खाल्लं. त्या अध्यक्षाला माझा दादा माहीत असायचं काही कारण नाही, आणि तेच मला स्वस्थ बसू देत नाही.

तेरावं झालं आणि काशिनाथ आला. "ताई, बांध परत सुटलाय. भाऊ न्हाय, तूच सांग आता."

"दगड उचला," मी म्हटलं.

सगळे ढिगापाशी गेले आणि... कोणी वाकेचना. काशिनाथसुद्धा उभाच. "भाऊ काय म्हणंल," एवढंच पुटपुटला. माझा नुसता संताप झाला. गेलेल्या माणसाची भीड धरून का आता जितंजागतं शेत बुडवायचं? मी पदर खोचला, पहिला दगड उचलला आणि टाकला खांडीत. मग सगळेच वाकले.

उधाण येऊन गेलं. बांध जागचा हलला नाही. दादा, चूक तुझीच होती, हे मी आजही तुला तोंडावर सांगेन. पण मग तो दगड टाकताना मी तुझी माफी का मागितली, ते तू सांग.