लांबलेलं बारसं

माझी लेक जन्मली त्या दवाखान्यात घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाचे कान तपासतात. हिचे दोन्ही कान नापास झाले. पिशोरहून आलेल्या सासूबाईंना ते पटेना. त्यांनी पाळण्याशी उभं राहून स्टीलचं ताट वाजवलं, तशी पोरगी दचकली. "लई चांगलं ऐकायलंय लेकरू," त्या म्हणाल्या. पण ताट पाळण्याच्या दांडीला टेकलेलं होतं. मी लांब जाऊन वाजवलं, तर ती ढिम्म हलली नाही. ताटावर भरवसा ठेवला असता, तर पोरगी बोलत का नाही, हे विचारायला आम्ही दोन वर्षांनी गेलो असतो.

मोठ्या तपासणीतही तेच निघालं. मग सासूबाईंनीच फर्मान काढलं, की कानाला मशीन लागेपर्यंत बारसं नाही. नाव कानात सांगायचं, तर ते पोरीला ऐकू गेलं पाहिजे. पाहुणे नाव विचारून थकले.

शेवटी मशीन लागलं आणि चिकलठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाळणा सजला. माझी नणंद, म्हणजे पोरीची आत्या, 'कुर्र' करायला कानाशी वाकली, तसं मशीन शिट्टीसारखं वाजलं. कुणी फार जवळ गेलं की ते वाजतं, हे आम्ही विसरलोच होतो. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला टपलेल्या बायका हसत सुटल्या. नणंद हातभर मागं सरली आणि तिथूनच तिनं मोठ्यानं नाव घेतलं. कानात सांगायचं नाव अख्ख्या मजल्यानं ऐकलं.

पोरीनं मान वळवली.

सासूबाई धपाटा घालायचंच विसरल्या. "व्हय," त्या पोरीला म्हणाल्या, "तुलाच म्हणायली ती."