मावशींनी वाचवलेला कप्तान

"कायकु डरते रे पोट्टे हो? जहाज मेरा, हवा मेरी, तूफान से भी मेरी पुरानी पहचान है. चलाओ!"

पडद्यावर जळक्या दाढीचा गोरा कप्तान नुसतेच ओठ हलवत होता. ओरडत होत्या त्या आमच्या मावशी. पडद्याच्या डाव्या अंगाला उभ्या, पदर कमरेला खोचलेला, हाताशी पाण्याचा तांब्या. मराठी मंडळाचा अख्खा हॉल श्वास रोखून बसला होता. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या. जहाजात पाणी शिरलं तर भिजायला नकोत.

तुम्ही मला थापाड्या म्हणाल. हैदराबादच्या आमच्या हिमायतनगरात सगळेच म्हणतात. पण प्रोजेक्टर माझ्या ताब्यात असायचा, त्यामुळे जे सांगतोय ते या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. थोडंफार वाढलं असेल तर ते प्रेमापोटी.

भानगड अशी होती, की मंडळात रविवारी दुपारी पडदे ओढून सिनेमा दाखवायची पद्धत. मावशींना आवडायची ती समुद्री चाच्यांची एकच कादंबरी, आणि तिच्यावर जगात जेवढे सिनेमे निघाले तेवढे आम्ही मिळवून आणायचो. सिनेमे इंग्रजी. आमच्या निम्म्या प्रेक्षकांचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरच्या लेबलाशी संपतं. म्हणून मी आवाज बंद करायचो आणि सगळी पात्रं मावशी बोलायच्या.

कप्तान आणि त्याचे चाचे दखनी बोलायचे. तोफा डागणारा तेलुगूत शिव्या घालायचा. गव्हर्नर मात्र स्वच्छ पुणेरी मराठी, आणि त्यानं "हे आपल्याला शोभतं का?" म्हटलं की हॉल हसून लोळायचा. कारण मावशी जुन्या हैदराबाद संस्थानातल्या, आणि त्यांचे यजमान पुण्याचे.

तारनाक्याला राहायच्या तेव्हा मावशी रेल्वेत होत्या. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचं काम. त्यांचा आवाज ऐकून दोन स्टेशनं अलीकडे रेंगाळलेली गाडी लाजून धावत सुटायची, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

हॉलच्या मधोमध एक पंखा होता, अजूनही आहे. बहुधा निजामानंच लावला असावा. कर्र-कट, कर्र-कट. एकदा मी शिडी लावून त्याला तेल घालायला निघालो, तर मावशींनी शिडीच धरून हलवली. "उतर खाली. डोलकाठीचा आवाज मग मी कुठून आणू?"

त्या डोलकाठीच्या बरोबर खाली काकांची खुर्ची. काका म्हणजे मावशींचे यजमान. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला, हळू बोलणारा माणूस. साखरेनं त्यांचे डोळे नेले होते. खरं तर हा सगळा खेळ त्यांच्यासाठीच सुरू झाला. आधी घरातल्या टीव्हीसमोर, मग शेजारी येऊन बसायला लागले, मग हॉलच घ्यावा लागला.

कादंबरीही मुळात काकांचीच. पुण्याला शाळेत असताना त्यांनी तिचं मराठी भाषांतर वाचलं होतं. शाळेत एकच प्रत, आणि शेवटची पानं कुणा नतद्रष्टानं फाडलेली. गलबत बंदराला लागतं, किनाऱ्यावर शिपाई उभे, कप्तान दाढी कुरवाळत उतरतो, आणि पुस्तक संपतं. "पळाला असणार," असं काका तेव्हापासून म्हणत आले.

कप्तान पळालेला नाही. पुस्तकात त्याला बंदरावरच फाशी देतात आणि झाडून सगळ्या सिनेमांतही देतात. काळ्या-पांढऱ्यात दिली, रंगीतात दिली. कार्टूनमध्येही दिली, मुलं घाबरू नयेत म्हणून दोर तेवढा गुलाबी केला होता.

घरच्या टीव्हीवर दुसरेच सिनेमे लागायचे आणि कादंबरी मावशींनी काकांच्याच तोंडून ऐकलेली, त्यामुळे पहिल्यांदा हॉलमध्ये हा प्रसंग आला तेव्हा त्यांनाही शेवट ठाऊक नव्हता. पडद्यावर फास आला आणि त्या थबकल्या. काका खुर्चीत पुढे सरकले. "पुढे काय झालं गं?"

मावशींनी तांब्यातलं घोटभर पाणी घेतलं. मग अशा गरजल्या, की बाहेर उभ्या रिक्षाचा आरसा हलला. "गाठ ढिल्ली है रे! मैं चला!"

पडद्यावर कप्तान लोंबकळत होता आणि हॉलमध्ये तो पोहत होता. आमच्यापैकी एकानंही तोंडातून चकार शब्द काढला नाही. काका मागे टेकले आणि म्हणाले, "वाटलंच मला."

तेव्हापासून कप्तान दर सिनेमात सुटला. कधी मुसळधार पावसात, कधी गव्हर्नरचीच घोडागाडी पळवून. एकदा तर मावशींनी त्याला समुद्रातून थेट मुसी नदीत आणून बेगम बाजारात वेलदोड्याचं घाऊक दुकान काढून दिलं. लोकांना ते इतकं पटलं, की पुढे सगळ्या सिनेमांचा शेवट तिथेच व्हायला लागला. मागे बसणाऱ्या एक आजी दिवाळीला वेलदोडे आणायला जाताना मला गंभीरपणे विचारून गेल्या, की कप्तानाचं दुकान नेमकं कुठल्या गल्लीत.

एकदा हॉलला कुलूप लावता लावता मी मावशींना विचारलं, की काकांना खरं सांगून टाकलं तर काय बिघडेल. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"डोळे गेले, शाळा गेली, पुणं तर कधीच गेलं. एक कप्तान राहिलाय त्यांचा. त्यालापण लटकवू?"

मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

मग मंडळाला नवा सेक्रेटरी आला. सॉफ्टवेअरमधला तरुण, पुण्याहून बदली होऊन आलेला, उत्साहानं फसफसणारा. त्यानं त्याच कादंबरीवरचा नवा सिनेमा आणला, तोही मराठी डबिंग केलेला, आणि भिंतीएवढे स्पीकर. "मावशी, आता तुम्ही निवांत बसून बघा," म्हणाला, आणि त्यांचा सत्कारच करून टाकला. आपल्यात माणसाला गप्प बसवायचं असलं की शाल देतात, हे तुम्ही पाहिलंच असेल.

मावशी शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन काकांच्या शेजारी बसल्या. चेहरा पार उतरलेला. शालीचं दुःख नव्हतं. पण आता कुणी परका माणूस स्वच्छ मराठीत, भिंतीएवढ्या स्पीकरमधून, काकांच्या कानात फाशी ओतणार होता.

पडद्यावरचा न्यायाधीश उभा राहिला. "या दरोडेखोराला मरेपर्यंत..."

नारळ दाणकन फरशीवर पडला. मी खूण ओळखली आणि प्लग उपटला.

"लाइट गेली," मावशींनी स्टेशनच्या आवाजात घोषणा केली. "प्रवाशांनी कृपया आपापल्या जागी बसून राहावे."

"अरेरे," सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

सेक्रेटरी म्हणाला, "पण लाइट तर..." आणि मागच्या आजींनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो खऱ्या अर्थानं त्याच क्षणी हैदराबादकर झाला. पडदे ओढलेल्या त्या अंधारात मावशींनी कप्तान सोडवला, नदीत घातला, दुकानात बसवला. "वाटलंच मला," काका म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या घोषणा केल्या. स्वतःची मात्र न सांगता सोडली.

रविवारचे सिनेमे थांबले. आणि मग त्या कादंबरीवर एक लांबलचक मालिका आली, मराठी डबिंगसकट. काकांनीच सेक्रेटरीला फोन केला. "आमचा कप्तान आलाय म्हणे. दाखवणार ना?" नाही कोण म्हणणार? आम्ही भाग दाखवत गेलो आणि शेवटचा भाग जवळ येईल तशी माझी झोप उडत गेली.

शेवटच्या रविवारी हॉल गच्च भरला. सगळे पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. न्यायाधीशानं तोंड उघडलं, मी प्लग उपटला, आणि कोपऱ्यातून सेक्रेटरी ओरडला, "लाइट गेली!"

"अरेरे," हॉल म्हणाला.

पण पुढची गोष्ट कोण सांगणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर डोलकाठी करकरत होती. काका खुर्चीत पुढे सरकून वाट बघत होते.

शेवटी सेक्रेटरी उठला. पडद्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, आणि त्या बिचाऱ्यानं तोंड उघडलं. "मेरेकु... मेरेकु पकडणार काय? गाठ ढिल्ली आहे, मी... मैं चला." इतकं वाईट दखनी आमच्या शहरानं आजवर ऐकलं नसेल. चारमिनार एका बाजूला कलला असणार. कुणी हसलं नाही.

"मग कुठे गेला?" काकांनी हळूच विचारलं.

"बेगम बाजार," सेक्रेटरी म्हणाला.

"वेलदोडे?"

"हो काका. घाऊक."

"वाटलंच मला," काका म्हणाले.

मी त्यांना रिक्षानं घरी सोडायला गेलो. वाटेत माझं तोंड काही थांबेना. ट्रान्सफॉर्मर उडाला असेल, वायरी जुन्या आहेत, तारेवर अडकलेल्या एका पतंगामुळे एकदा अर्धं शहर अंधारात कसं गेलं होतं, असं काय काय सांगत सुटलो. काका काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. त्यांच्या फाटकाशी रिक्षा थांबली. मी हात धरून त्यांना उतरवलं.

"पंखा चालू होता," ते म्हणाले.

त्यांनी फाटकाची कडी चाचपून काढली.

"तिच्या वेळीही चालूच होता."